पिवळ्या दोऱ्याचा रकाना

बीबी, ता. लोणार
९ नोव्हेंबर २०२४

ति. देवानंद मामा यांस,
सप्रेम जयभीम.

एक कोडे घालते. ते तुम्ही पाहिलेले असणार, बहुतेकांनी पाहिलेले असते. कोणत्याही जुन्या कचेरीत पुढच्या टेबलावरचा संगणक चार-पाच वर्षांनी बदलतो, आणि तो कोणत्या कंपनीचा हे आता कोणी विचारतही नाही. वाण्याकडे साखर घेताना कारखाना कुठे विचारतो आपण? पण त्याच चकचकीत पडद्यावर कारकून एक खिडकी उघडतो आणि काळ्या पाटीवर हिरवी अक्षरे उमटतात. ना चित्र, ना माऊस. ती अक्षरे आतल्या खोलीतल्या एका मोठ्या संगणक-पेटीतून येतात आणि ती पेटी कोणी बदलत नाही. पुढची यंत्रे साखर झाली, कोणाचीही चालतात, मग मागची पेटी साखर का झाली नाही? आणि पुढेही होणार नाही, असे कोणी सांगू शकते का?

आमच्या बीजोत्पादक संस्थेत हीच पेटी आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. एका बंद सूतगिरणीच्या लिलावातून ती तुम्हीच निवडून आणली आणि तिच्यातला प्रोग्राम तुम्हीच लिहिला. मिरचीच्या संकरित बियाण्याचा प्रत्येक लॉट कोणाच्या शेडनेटमधला आणि त्याचे क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, कोणत्या बाईने केले, हे ती आजही क्षणात सांगते. परंतु गेले काही महिने ती कण्हते आहे. आमचे अध्यक्ष उकंडराव रोज दारात उभे राहून ऐकतात आणि म्हणतात, "काऊन वो मॅडम, हे डबडं आज जाते का उद्या?"

आमचे बी विकत घेणारी कंपनी नवे संगणक आणि स्वतःची संगणकप्रणाली फुकट द्यायला तयार आहे. जानेवारीत विशेष सर्वसाधारण सभा आहे. सचिव म्हणून मला लेखी शिफारस मांडायची आहे. फोनवर तुम्हाला आता ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते. तुम्हीही हात आखडता घेऊ नका.

तुमची भाची,
धम्मशीला


नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मशीला हिस,
सप्रेम जयभीम आणि मंगलकामना.

तुझे पत्र वाचून मी इतका आनंदलो की तुझ्या मामीने डॉक्टरांना फोन करू का, असे खुणेने विचारले. एकाहत्तराव्या वर्षी कोणी मला हा प्रश्न विचारील असे वाटले नव्हते. आता क्रमाने जाऊ.

प्रथम हे मान्य कर की तुझी पेटी लोखंड म्हणून, म्हणजे हार्डवेअर म्हणून, केव्हाच साखर झालेली आहे. तिचे झाकण उघडून बघ. आतली स्मृती, पंखे, तारा, डिस्क यांतल्या बहुतेक वस्तू इतर यंत्रांना पुरवणाऱ्या कारखान्यांतूनच आलेल्या असतात. जी वस्तू दहा कारखाने बनवू शकतात तिचा भाव घसरतो. कोणतीही कंपनी कितीही मोठी असो, हा उतार तिला चुकत नाही.

मग टिकते काय? साध्या संगणकातला साधा प्रोग्राम एखाद्या सालगड्यासारखा असतो. त्याला शेताचा बांध न् बांध पाठ असतो, म्हणून दुसऱ्या शेतात नेला की तो गोंधळतो. तुझ्या पेटीतला प्रोग्राम आतल्या लोखंडाशी कधी बोललेलाच नाही. तो एका मधल्या थराला फक्त नाव सांगतो: 'मिरचीचा अमुक लॉट आण.' तो लॉट डिस्कच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, आत कोणता प्रोसेसर आहे, हे तो मधला थर पाहतो. सगळी साठवण त्या यंत्राच्या दृष्टीने एकच अखंड शेत आहे आणि त्या शेतात प्रत्येक वस्तूला नाव आहे. माहिती सांभाळणारी व्यवस्थाही बाहेरून आणून जोडलेली नाही. यंत्राच्या जन्मापासून ती आत आहे.

याची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. माझ्या नोकरीच्या काळात ही यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने आतला प्रोसेसर मुळापासून बदलला. वेगळी रचना, वेगळी भाषा. अशा वेळी इतर ठिकाणी प्रोग्राम नव्याने लिहावे लागतात. अकोल्याच्या एका तेलगिरणीत आम्ही जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चढवले. यंत्राने त्यांचे आपल्या नव्या भाषेत स्वतःच रूपांतर करून घेतले, आणि सोमवारी गिरणीच्या हिशेबनिसाने नेहमीप्रमाणे बिल काढले. चहा पिताना त्याने मला विचारले, "साहेब, मशीन कवा बदलवनार हाय?" मी म्हटले, "परवाच बदलली." इतकी सुंदर दाद मला पुन्हा कोणी दिली नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे: लोखंडाला साखर होण्यापासून कोणी वाचवू शकत नाही. जो विक्रेता लोखंड विकत बसतो तो संपतो. जो 'तुझे कालचे काम उद्याही चालेल' हे वचन विकतो आणि पाळतो, तो टिकतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पेटी बदल, पण त्याच घराण्यातली नवी घे किंवा भाड्याने वापर. प्रोग्राम जसाच्या तसा उचलून तिच्यावर ठेव. उकंडरावांना नमस्कार.

तुझा मामा,
देवानंद


बीबी
२ डिसेंबर २०२४

ति. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र मी संचालकांपुढे वाचून दाखवले. सालगड्याचा दृष्टांत सर्वांना पटला. पण 'प्रोग्राम उचलून ठेव' हे वाक्य ऐकताच उकंडराव खुर्चीतून उठले.

"थांबा मॅडम. म्हणजे कॉपी घ्यायची ना त्याची?"

"होय."

"मंग नाई जमत. हायब्रीडचं बी घरी धरलं का दुसऱ्या पिढीत फुटते. एक झाड उंच, एक बुटकं, एकाची मिरची तिखट, एकाची गवतावानी. तुमच्या मामानं हे वाण लय मेहनतीनं बनवलं. त्याची कॉपी लावली का फुटल्याबिगर राह्यत नाही!"

मी हसू आवरले, कारण संचालकांपैकी निम्मे जण मान डोलवत होते. मग ध्यानात आले की यापूर्वीच्या दोन्ही सचिवांनी यंत्र बदलायचा प्रस्ताव आणला होता आणि दोन्ही वेळा तो अशाच कारणाने बारगळला होता. आजवर माझी समजूत अशी होती की अध्यक्षांना खर्च नको आहे. खरे कारण हे, की त्यांना बी फुटण्याची भीती वाटते!

त्यावर त्यांनी एक प्रयोगही केला. मेहकरहून गोकुळ नावाचा दुरुस्तीवाला बोलावला आणि बाजारातली नवी डिस्क पेटीत बसवायला लावली. आकार तोच, खाच तीच, बसलीही नीट. पण यंत्राने तिला ओळखच दिली नाही. गोकुळ म्हणाला, "काका, ही कंपनीची दादागिरी हाय. डिस्क तीच, फक्त आपल्या घरची नाही म्हणून दारात उभी करत नाही." उकंडराव मात्र खूश. "पाह्य! म्या म्हनलं होतं. याचा वाणच येगळा हाय."

मामा, दोघांपैकी खरे कोण? आणि बी फुटण्याच्या भीतीला काय उत्तर देऊ?

धम्मशीला


नागपूर
९ डिसेंबर २०२४

चि. धम्मशीला,
मंगलकामना.

मी पोटभर हसलो आणि मग तुझे पत्र पुन्हा वाचले. ज्याने आयुष्यभर नर आणि मादी वाणांचा मेळ घातला तोच माणूस ही चूक करू शकतो, आणि ही चूक मूर्खपणाची नाही. तुझ्या दोन्ही प्रश्नांना एकेक करून उत्तर देतो.

आधी डिस्क. गोकुळ आणि उकंडराव, दोघेही अर्धे खरे आहेत. बाजारातल्या डिस्कवर पाचशे बारा अक्षरांचा एक कप्पा आखलेला असतो. तुझ्या पेटीच्या डिस्कवर तो पाचशे वीस अक्षरांचा आहे. वरच्या आठ अक्षरांत यंत्र त्या कप्प्याची खूण लिहिते, म्हणजे आतला माल चुकीच्या जागी गेला किंवा बिघडला तर ओळखता येतो. बियाण्याच्या पिशवीला शिवलेली चिठ्ठीच समज. डिस्क त्याच कारखान्याची असली तरी आखणी निराळी. यात मालाचे रक्षण आहे, आणि विक्रेत्याला मनासारखा भाव लावण्याची सोयही आहे. हे दुसरे मी लपवणार नाही.

तू बीजोत्पादनातली आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. बियाण्याच्या प्लॉटभोवती तुम्ही विलगीकरणाचे अंतर सोडता. शेजारच्या मिरचीचा पराग येऊ नये म्हणून ती जागा मोकळी राहते आणि तिच्यामुळे बी शुद्ध राहते. पण कोणी रस्त्यावर कुंपण घालून जाणाऱ्याकडून पैसे मागू लागला, तर ते अंतर नव्हे. प्रत्येक बंदिस्त यंत्रात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. शहाण्या ग्राहकाने त्या वेगळ्या ओळखाव्यात. अंतरासाठी पैसे द्यावेत, कुंपणासाठी घासाघीस करावी.

आता बी फुटण्याबद्दल. प्रोग्रामची प्रत घेताना मूळ आणि प्रत यांत एका ठिपक्याचाही फरक पडत नाही, कारण तिथे दोन पालकांचा संयोग होतच नाही. प्रोग्राम म्हणजे संकरित बी नव्हे, ती जपून ठेवलेली शुद्ध पालक-ओळ आहे, पुन्हा लावली तरी तशीच उगवणारी. हे त्यांना सांग.

परंतु धम्मशीला, उकंडरावांच्या म्हणण्यात एक जागा खरी आहे. त्याच घराण्यातल्या यंत्रावर नेले तर काही फुटत नाही. पण परक्या प्रणालीत नुसती माहिती ओतली, तर माहितीतले प्रत्येक अक्षर पोहोचते आणि अक्षरांतली नाती फुटतात. कोणता लॉट कोणत्या बाईच्या हातचा, ही दोन नावांमधली रेघ आहे. नव्या प्रणालीत त्या रेघेला जागाच नसेल, तर ती कुठे जाईल? उंच झाड आणि बुटके झाड वेगवेगळे उगवेल. हे त्यांनी मातीत पाहिले म्हणून त्यांना आधी कळले, एवढेच.

माझा शिष्य दीपक इथे नागपुरात त्याच घराण्याची नवी यंत्रे भाड्याने देतो. त्याच्याकडे प्रत चढवून बघ. आणि कंपनीच्या प्रणालीत किती रकाने आहेत ते मला कळव. तुझ्या पत्रांत त्याबद्दल एकही शब्द नाही.

तुझा मामा


बीबी
३० डिसेंबर २०२४

ति. मामा,

उत्तराला उशीर झाला. तुमचा शेवटचा प्रश्न मी टाळत होते, हे तुम्ही ओळखलेले दिसते.

कंपनीची प्रणाली फुकट आहे, पण एक अट आहे. संस्थेचे बी लॉटवार न देता वाणवार एकत्र ओतून द्यायचे. पिशवीवर संस्थेची खूण असणार नाही. शेतकऱ्याला क्रमांक मिळेल. क्रॉसिंग करणाऱ्या बायांना काहीच मिळणार नाही, कारण तिथे 'मजूर' एवढाच रकाना आहे. कंपनीचे अधिकारी सभ्य आहेत. ते म्हणतात, मिरचीचे संकरित बी आता कुठेही होते. बीबीचे काय आणि दुसऱ्या गावाचे काय.

मी हे लिहिले नाही, कारण तुम्हाला विचारताना प्रश्न केवळ यंत्राचा आहे असे मी स्वतःला समजावत होते. यंत्राच्या प्रश्नाला तज्ज्ञाचे उत्तर मिळते, मग सचिवाला काही ठरवावे लागत नाही. संचालक मंडळाचा कल होकाराकडे आहे. फुकट यंत्र आणि ठरलेली खरेदी, दोन्ही एकदम कोण सोडील? मी विरोधात शिफारस मांडली आणि कंपनी दुसरीकडे गेली, तर या गावातल्या प्रत्येक बंद पडलेल्या शेडनेटचा दोष माझ्यावर येईल. मांडली नाही, तर दोन हंगामांत आम्हीच साखर होऊ.

काय करू?

धम्मशीला


नागपूर
४ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला,

मी म्हातारा एका पेटीचे गुणगान करत बसलो आणि तू गावाबद्दल विचारत होतीस.

काय करावे हे मी सांगणार नाही, ते सभेने सांगावे. मात्र सभेला मते विचारू नकोस, पीक दाखव. शुद्धता पाहायची तर तुम्ही बियाण्याबद्दल वाद घालत नाही. नमुना लावता आणि उगवलेली झाडे मोजता. तसेच कर. तिन्ही यंत्रे मांड: जुनी पेटी, दीपककडची प्रत आणि कंपनीची प्रणाली. तिन्हींना एकच प्रश्न विचार. प्रश्न तू ठरवू नकोस, कंपनीनेही ठरवू नये. ज्याचे काही जाणार आहे त्याला ठरवू दे.

मामा


बीबी
२१ जानेवारी २०२५

ति. मामा,
सप्रेम जयभीम.

रविवारी सभा झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही तिथे असायला हवे होते.

गोदामातच बसलो होतो. एका टेबलावर जुन्या पेटीचा पडदा. शेजारी माझा साधा लॅपटॉप, त्यावर दीपकच्या यंत्राची तीच हिरवी अक्षरे नागपुराहून येत होती. तिसऱ्या टेबलावर कंपनीचे तरुण अधिकारी भागवत, त्यांच्या रंगीत पडद्यासह. मी उभी राहून सांगितले की माझी शिफारस शेवटी मांडीन, आधी नमुना लावू. प्रश्न कोणी विचारायचा ते बसलेल्यांनी सांगावे. कोणीतरी मागून ओरडले, "झुंबरबाईले विचारू द्या! तिले गप बसनं जमत नाही."

झुंबरबाईंचे क्रॉसिंग तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे प्रत्येक बाई क्रॉस केलेल्या फुलाला आपल्या रंगाचा दोरा बांधते. झुंबरबाईंचा पिवळा, अंबूबाईंचा निळा. हा रंगाचा रकाना तुम्हीच प्रोग्राममध्ये ठेवला होता. झुंबरबाई उठल्या, थप्पीतली एक पिशवी भागवतसाहेबांच्या टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "सांगा बाप्पा, हे बी कोनाच्या हातचं?"

जुन्या पेटीने कण्हत कण्हत सांगितले: दयाराम यांचे शेडनेट, विहिरीकडची बाजू, मादी-ओळीचा लॉट, दोरा पिवळा. लॅपटॉपने तेच सांगितले, अक्षरशः तेच, पण निमिषात. उकंडरावांनी चष्मा पुसला, दोन्ही पडद्यांवर बोट फिरवत ओळ न् ओळ जुळवली आणि ओरडले, "फुटलं नाई रे! दुसऱ्या पिढीत फुटलं नाई!" सगळे गोदाम हसले; सर्वांत मोठ्याने तेच.

मग भागवतसाहेबांची पाळी. त्यांच्या पडद्यावर वाण, वजन, उगवणशक्ती, ओलावा, सारे सुबक आलेखांसह आले. कोणाच्या हातचे, ते आले नाही. ते मोकळेपणाने म्हणाले, "मावशी, तो रकाना आमच्याकडे नाही. आम्हाला लागत नाही."

"तुमाले नाही लागत," झुंबरबाई म्हणाल्या, "मले लागते. माह्या दोऱ्याचं बी नमुन्यात शुद्ध निंगते म्हणून लोकं मले बलावते. सारं बी एका ढिगात वतलं का माहा हात न् कोनाचाबी हात सारखाच. मंग मले काऊन बलावन कोनी?"

मागून अंबूबाई म्हणाल्या, "तुह्या पिवळ्यापक्षा माहा निळा शुद्ध हाय, गेल्या साली पाह्यलं ना?" यावर जो गदारोळ झाला त्यात पाच मिनिटे सभा थांबली. मामा, तोच क्षण होता. आपल्या बियाण्यात फरक आहे की नाही, यावर गावातल्या बाया भांडत होत्या आणि दोघींनाही साक्षीला तीच हिरवी अक्षरे हवी होती. मला आणखी काही पटवायचे उरलेच नाही.

मी शिफारस मांडली: जुनी पेटी बंद करावी. दीपककडचे यंत्र भाड्याने घ्यावे. प्रोग्राम आपला राहील. कंपनीला हवी ती माहिती आपण देऊ, पण आपल्या रकान्यांतून काढून. आणि बी लॉटवार, संस्थेच्या खुणेसह. ठराव संमत झाला. सर्वानुमते नव्हे. सात-आठ जणांनी हात वर केले नाहीत आणि ते चूक आहेत असे मी म्हणणार नाही.

काल भागवतसाहेबांचा निरोप आला. कंपनी या हंगामात एकच वाण आमच्या खुणेसह घेईल, बाकीच्यांचे नंतर पाहू. अर्धे गाव निश्चिंत आहे आणि अर्धे माझ्याकडे बघून आहे. मी रोज गोदामात जाते.

पेटी उकंडरावांनी स्वतःच्या हाताने बंद केली. झुंबरबाईंनी कमरेची दोऱ्याची गुंडी सोडली आणि माझ्या लॅपटॉपच्या वायरला पिवळा दोरा बांधला. म्हणाल्या, "क्रॉसिंग झालं. आता फळ धरते का पाहू."

तुमची,
धम्मशीला


नागपूर
२८ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवले. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो शेजाऱ्यांनीही ऐकला असावा.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मला आता मिळाले. मी म्हटले होते की विक्रेता वचन पाळतो म्हणून यंत्र टिकते. ते अपुरे होते. मधला थर कितीही चतुर असू दे, त्याच्या वर ठेवण्यासारखे काही कोणाकडे असावे लागते. पिवळ्या दोऱ्याचा रकाना मी केवळ एका बाईच्या आग्रहाखातर ठेवला होता. तो कंपनीला नको होता, मलाही नको होता. झुंबरबाईंनाच हवा होता, आणि त्यांनी तो वीस वर्षे एकही खोटी नोंद न करता भरला. ज्या यंत्रात लोकांनी असे काही ठेवले आहे ते साखर होत नाही. ज्यात ठेवले नाही ते झाले तर कोणाचे बिघडते?

तुझ्याकडे बघणाऱ्या अर्ध्या गावाला मी काय सांगू? एकच वाण असो, पण तो गावाच्या नावाने जाणार आहे. फळ धरते की नाही ते हंगाम सांगेल.

दीपककडे काम करणाऱ्या तरुण मुलांना यंत्राबद्दल शिकवायला मी पुढच्या आठवड्यापासून जाणार आहे, त्यांचे प्रश्न पाटीवर लिहून घेत. हे ज्ञान माझ्याबरोबर गेले, तर वचन कोण पाळणार?

उकंडरावांनी मला निरोप धाडला आहे की ही बंदिस्त आणि साध्या यंत्रांची परीक्षा घरी कशी घ्यावी ते सांगा. त्यांच्यासाठी, आणि ज्याला हवे त्याच्यासाठी, हे लिहितो.

तुमच्या मोबाइलमधले सिमकार्ड काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, वेगळ्या कंपनीच्या फोनमध्ये घाला. सकाळी घाला आणि संध्याकाळपर्यंत तोच वापरा. दिवसभरात ज्या गोष्टीची उणीव भासली नाही ती साखर होती. तिच्यासाठी पुढच्या वेळी जास्त पैसे देऊ नका. दिवसात एकदा तरी हात जिच्यासाठी जुन्या फोनकडे गेला, ती गोष्ट कोणती, हे पाहून ठेवा. मग एवढेच विचारा: ती तिथे कंपनीने ठेवली होती, की तुम्ही?

तुझा मामा,
देवानंद